माडबेटाचं गोडं पाणी

अम्माला पाणी हवं होतं. साधंसुधं नाही, माडबेटावरच्या झऱ्याचं!

अम्मा म्हणजे हमिदाबी, माझा जिवलग दोस्त इद्रिस याची आई. वय नव्वदीला टेकलेलं. जन्म समुद्रकाठच्या आगरवाड बंदरातला, पण लग्न होऊन भिवपुरीला आली ती सत्तर वर्षं इथलीच झाली. महिन्यापूर्वी तिने अंथरूण धरलं. आधी अन्न सुटलं, मग पाणीही सुटायला लागलं. चमचा तोंडाशी नेला की मान फिरवायची आणि म्हणायची, "ह्या पान्याला चव नाय. माडबेटाचं आना." डॉक्टरांनी इद्रिसला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "आता त्या मागतील ते द्या." बासष्ट वर्षांचा हा गडी त्या दिवशी माझ्या ओसरीवर येऊन लहान मुलासारखा रडला. तेव्हाच ठरलं, जायचं!

इद्रिस आणि मी, चंदर, आम्ही दोघांनी भिवपुरीच्या पावरहाऊसमध्ये तीस वर्षं एका पाळीत काढली. डोंगरावरच्या धरणाचं पाणी नळांतून खाली येतं, वीज करतं आणि मग आमच्या नदीत सुटतं. भर उन्हाळ्यात कोरडी नदी बघता बघता कमरेएवढी होते. पाहुण्यांच्या चपला, टोप्या, क्वचित भांडीसुद्धा वाहून जातात! आम्ही गावकरी मात्र घड्याळ बघून नदीत उतरतो. त्यामुळे पाणी कधी चढणार आणि कधी उतरणार हे आम्हाला कोणी शिकवू नये, असा आमचा तोरा. त्या तोऱ्यानेच आमचा घात केला.

इद्रिस आदल्या रविवारी एकटाच आगरवाडला जाऊन टेहळणी करून आला होता. जाळं विणत बसलेल्या एका म्हातारीने त्याला लांबूनच बोट दाखवलं होतं. बेटाच्या पायथ्याशी एक काळा खडक, त्याच्या बुडाशी झरा. खडक उघडा पडला तरच झरा सापडतो, एरवी तो समुद्राखाली असतो. इद्रिसने घड्याळ पाहिलं. खडक लख्ख उघडा, वेळ अकरा पंचेचाळीस! जुन्या सवयीने त्याने डायरीत नोंद केली. त्या दिवशी होडकं मिळेना, म्हणून पुढच्या रविवारी पावणेबाराच्या आत झऱ्यावर हजर राहायचं, असा आमचा बेत शिजला.

निघायच्या पहाटे तो अम्माच्या उशाशी वाकला. तिने डोळे न उघडताच विचारलं, "चांद कितवा?"

हे तिचं रोजचंच होतं. सकाळ झाली की चांदाची तारीख विचारायची आणि मग काहीतरी पुटपुटायची. म्हातारपणाचा भ्रम, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

"चौदावा, अम्मा. तू नीज."

"मंग आत्ता कुठं चाललास रं? सांजचा जा."

"बरं, बरं," इद्रिस म्हणाला आणि तिचं पांघरूण सारखं करून बाहेर आला. अम्माजवळ माझी बायको दर्शना बसणार होती. दारात तिने मला गाठलंच. "अहो, लवकर या. आन पाण्यात शहाणपणा करू नका, तुमाला सवय हाय."

आम्ही तिघे निघालो. तिसरी मेहनाज, इद्रिसची लेक. सव्वीस वर्षांची ही पोरगी आमच्याच नदीत पर्यटकांना होडकी वल्हवायला शिकवते, त्यामुळे मोहिमेची खरी कप्तान तीच होती. खालापूरच्या टपरीवर चहा झाला, माझा थर्मास गच्च भरून घेतला आणि गाडी पालीच्या रस्त्याला लागली. इद्रिसच्या मांडीवर पाच लिटरचा नवा कोरा कॅन होता. साडेतीन तास त्याने तो खाली ठेवला नाही.

आगरवाडची खाडी दिसली आणि आम्ही डोंगराकडची माणसं बघतच राहिलो. तीन बाजूंनी टेकड्या आणि मधे पसरलेलं निळं-हिरवं पाणी. त्यात पाच-सहा बेटं, कुठे माडांची, कुठे नुसत्या करवंदीच्या जाळ्यांची, आणि त्यांच्या पायाशी पाण्यात उभी असलेली तिवरांची गर्द झाडी. पांढरे बगळे एकेक फांदी धरून बसले होते. वारा खारट आणि गार होता. "अम्मा एवढं सोडून आपल्या नदीकाठी आली?" मेहनाज हळूच म्हणाली. इद्रिसने नुसतं नाक ओढलं.

बोटवाला फुरकान पंचविशीतला हसरा पोरगा होता. त्याच्या इंजिनच्या बोटीमागे एक लांबट, हलकं होडकं दोरीने बांधलेलं होतं. "टाईम बेस्ट हाय चाचा!" तो म्हणाला. "फुल भरती. होडकं तिवरांतून लोण्यासारखं जाईल." इद्रिसने अशी मान डोलावली की जणू ती सोय त्यानेच करून ठेवली होती! आत्ता भरली असली तरी पावणेबाराला उतरणारच, हा आमचा हिशोब. झऱ्याचं त्याने फुरकानला सांगितलं नव्हतं. आईसाठी पाणी न्यायला चार तालुके ओलांडून आलो म्हटलं तर लोक हसतील, अशी त्याला लाज.

तिवरांच्या तोंडाशी बोट थांबली. पुढची वाट तिला अरुंद होती. आम्ही तिघे होडक्यात उतरलो आणि मेहनाजने वल्हं मारलं. दोन्हीकडून फांद्या डोक्यावर मिळालेल्या, खाली काळोखं पाणी, मधेच एखादा खंड्या निळी चमक मारून जायचा. वळणं घेत घेत आम्ही बाहेर आलो तो समोर माडबेट! साडेअकरा. अगदी वेळेवर!

पण खडक कुठे होता? माडांच्या मुळांपर्यंत पाणी चढलेलं. काळा खडक नाही, झरा नाही, काही नाही!

"उतरंल आता," इद्रिस म्हणाला.

पावणेबारा झाले. बारा झाले. पाणी उतरायचं सोडून चार बोटं आणखी चढलं.

"आज बंद करायला उशीर झाला असंल," इद्रिस घड्याळाकडे बघत पुटपुटला.

"अब्बा," मेहनाज म्हणाली, "समुद्राला कोण बंद करतं?"

साडेबारापर्यंत वाट बघून आम्ही मुकाट बोटीकडे परतलो. शेवटी इद्रिसने फुरकानला सगळं सांगितलं. ऐकून त्याने कपाळावर हात मारला. "चाचा, आधी बोलायचं ना! भरती काय रोज एका टायमाला येते? रोज पाऊणएक तास पुढं सरकते. आठवड्यात सगळं उलटं. गेल्या रविवारी बाराला ओहोटी, म्हंजे आज बाराला भरती! इथं घड्याळ नाय बघायचं, चांद बघायचा. सातव्या चांदाला दुपारी ओहोटी, चौदाव्याला सांजची."

इद्रिस मटकन खाली बसला. मग माझ्याकडे वळला. "चंदर, अम्माने सांगितलं होतं रं."

मला तिचं पहाटेचं बोलणं आठवलं. चांद कितवा? मंग सांजचा जा!

"ती भ्रमात नव्हती," इद्रिस म्हणाला. "महिनाभर पडल्या पडल्या ती भरती-ओहोटी मोजत होती. झरा कधी उघडंल ते सांगत होती. आन मी तिला नीज म्हणत होतो." त्याने टोपीने डोळे पुसले. मीही त्यातलाच.

दर्शनाला फोन लावला. रेंज जात-येत होती. "सकाळपासनं एक चमचा घेतलाय," ती म्हणाली. "सारखं विचारतायत, इद्रिस पोचला का." बस्स, प्रश्नच मिटला. थांबायचं! फुरकान म्हणाला, "चारला खडक दिसंल. पन होडकं पाण्यातच ठेवा. पाणी उतरंल तसं खाली सरकवत रहा. गाळात अडकलात तर माझी बोट तिथवर येनार नाय."

दोनला आम्ही पुन्हा बेटाला लागलो. बाप-लेक खडकाची जागा हेरायला दगडांवरून पलीकडे गेले. "काका, होडकं तुमच्याकडे," मेहनाज जाताना म्हणाली. आता माझी अक्कल बघा! आमच्याकडे होडी वाहून जाते ती वर चढलेल्या पाण्याने. तीस वर्षांचं वळण ते. मी होडकं ओढत ओढत माडापर्यंत नेलं, तीन गाठी मारल्या, उरलेला चहा संपवला आणि सावलीत ताणून दिली. फुरकानचं बोलणं डोक्यातून साफ उडालं होतं.

"चंदर! खडक!"

इद्रिसच्या आरोळीने मी ताडकन उठलो आणि धावत सुटलो. काळा खडक पाण्यातून वर आला होता, शिंपल्यांनी भरलेला, अंगावरून पाणी निथळत. त्याच्या बुडाशी वाळू बुडबुडत होती. मेहनाजने हाताने खळगा केला. पहिलं पाणी खारट आलं. ते तिने उपसून टाकलं, पुन्हा उपसलं, आणि मग ओंजळ तोंडाला लावली. "अब्बा, गोडं!" इद्रिस तिथेच वाळूत गुडघ्यांवर बसला. मग त्याने कॅन काठोकाठ भरला. मलाही तहान लागली होती, म्हणून रिकामा थर्मास मी भरून घेतला.

आम्ही परत आलो आणि बघतो तो काय? होडकं कोरड्यात! आणि होडक्यापासून पाण्यापर्यंत पन्नास पावलं नुसता चकाकणारा गाळ. त्यावर निवट्या मासे टुणटुण उड्या मारत होते.

"काका!" मेहनाज एवढंच म्हणाली. ते पुरेसं होतं.

आम्ही होडकं ढकलायला लागलो. मेहनाज पुढे होऊन दोरी ओढत होती. वीस पावलं गेलो. तीस. आणि एकदम ती खाली गेली. मांड्यांपर्यंत! तिने पाय उपसायला जोर केला. आणखी खाली. कमरेपर्यंत!

"हलू नको!" इद्रिस ओरडला.

तिवरांच्या फटीतून आमच्यावर नजर ठेवून असलेल्या फुरकानचा आवाज लांबून, बोटीवरून आला. "उभं राहू नका! पोटावर आडवं व्हा! रिकामा डबा छातीखाली घ्या!"

सव्वापाच झाले होते. सहानंतर पाणी फिरणार होतं, आणि चौदाव्या चांदाचं पाणी झपाट्याने चढतं. आमच्याजवळ डबा एकच होता, आणि तो रिकामा नव्हता.

इद्रिसने कॅनचं झाकण फिरवलं.

"अब्बा, नको! अम्माचं पाणी!"

पाळीवर झडप उघडायचा तसा शांतपणे त्याने कॅन उलटा केला. पाच लिटर पाणी गळगळत चिखलात गेलं. मग झाकण घट्ट लावलं, कॅन छातीखाली घेतला आणि पोटावर सरपटत लेकीपर्यंत पोचला. मी होडकं रेटत मागे. तो तिच्या पायाभोवती हाताने गाळ उकरत होता आणि सारखं बोलत होता. "आडवी हो बाळा. माझ्या खांद्यावर पड. घाई नाय, अजिबात घाई नाय." एक पाय सुटला. तिने कॅनला मिठी मारली. आणखी उकरलं. दुसरा पाय सुटला! तिघेही चिखलाने माखलेले आम्ही होडक्याच्या कडेला लटकलो, आणि फुरकानने ओरडून सांगितलं तसं एक गुडघा आत, एक पाय गाळात मारत, इंच इंच पाण्याला लागलो.

"परत जाऊन भरू या ना," मेहनाज रडत म्हणाली. "खडक अजून उघडाय."

इद्रिसने खडकाकडे पाहिलं. सूर्य टेकडीला टेकला होता. "नाय," तो म्हणाला. "चला घरी."

बोट बंदराकडे निघाली. रिकामा कॅन इद्रिसच्या मांडीवर होता. पूर्वेला चांद वर आला होता, मोठा, पिवळा. माझ्या घशाला कोरड पडली होती. मी खांद्यावरचा थर्मास काढला, झाकण उघडलं, तोंडाला लावला आणि थबकलो.

"इद्रिस," मी म्हणालो. थर्मास त्याच्यापुढे धरला. "हे बघ रं."

त्याने आत वाकून पाहिलं. मग त्या चिखलाच्या हातांनी मला असं आवळलं की माझ्या बरगड्या कुरकुरल्या!

घरी पोचेपर्यंत अम्मा निजली होती. इद्रिसने तिला उठवलं नाही, थर्मास घेऊन उशाशी बसून राहिला. सकाळी तिने डोळे उघडले. "चांद कितवा?"

"पंधरावा, अम्मा." त्याने चमचा तिच्या ओठांना लावला. तिने पाणी तोंडात धरलं. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. तिने ते गिळलं आणि पुन्हा तोंड उघडलं. दुसरा चमचा. तिसरा! दर्शनाने पदर तोंडाला लावला.

"माडबेटाचंच हाय," अम्मा म्हणाली. मग तिच्या कपाळाला आठी पडली. "पन झऱ्याला च्याचा वास कदीपासनं लागला रं?"

आम्ही हसत सुटलो, रडत सुटलो. मेहनाजने मग तिला सगळं सांगितलं, पाच लिटर कुठे गेलं तेही. अम्माने चाचपडत नातीचा हात धरला, तिच्या नखांत अडकलेला काळा गाळ अंगठ्याने चोळला, हुंगला. "बरं केलंस इद्रिस," ती म्हणाली. "झरा दिसातनं दोनदा उघडतो. ही कुठनं आनली असतीस?"

इद्रिसने खिशातून डायरी काढली, पेनाचं टोपण उघडलं आणि तिच्या कानाशी वाकला. "अम्मा, पुढच्या रविवारी पुन्हा जातो. ओहोटी किती वाजता?"

अम्माने बोटांची पेरं मोजली. "एकवीसवा चांद. दुपारची, बाराच्या सुमाराला," ती म्हणाली. "आन चंदरला सांग, च्याचा डबा धुऊन आन."

इद्रिसने दोन्ही गोष्टी लिहून घेतल्या.