रेवतीचं अक्षर

पेटीत चार वस्तू होत्या: लाल कुंची, चांदीचा एकच वाळा, लाकडी घोडा आणि काजळी धरलेली पणती. भास्कर उमऱ्यांनी त्या दोनदा मोजल्या.

"पोरीच्या पेटीत पणती कायले?" जफरने विचारलं. हा त्यांचा मेकॅनिक मित्र. यवतमाळहून खटारा मोटार त्यानेच रेटत आणली होती. उमरे, जिल्ह्यातले एकमेव खासगी तपासनीस, पणतीची काजळी बोटाने पुसून बघत होते.

मारेगावचं हे घर वच्छलाबाईंचं. वीस वर्षांपूर्वी, १९३९ साली, त्यांची पाच वर्षांची रेवती वणीच्या बैलबाजारात हरवली. पुढे नवराही गेला. गेल्या महिन्यात राजूरहून एक बाई आली आणि म्हणाली, मीच रेवती. वच्छलाबाईंनी तिला ठेवून घेतलं.

पुतण्या पुंडलिकरावांना ते पटेना; उमऱ्यांना त्यांनीच बोलावलं होतं. "शेजारची हंसाबाई पेटीतली एकेक चीज बाजारात सांगत फिरते. कोणीही शिकून येईल! आमचे काका पंचांगाबाहेर पाऊल टाकत नव्हते. घरात सगळ्यायची नावं जन्मनक्षत्राच्या अक्षरावर."

"अन् काकू?" उमऱ्यांनी विचारलं.

"एकलकोंडी. दिवाळीच्या रात्री एक दिवा लावते अन् दार लावून घेते."

राजूरची बाई डगमगली नाही. "घोडा, कुंची, सारं आठवते मले."

"जन्म कधीचा?"

"कोजागिरीचा. रेवती नक्षत्र होतं, म्हणून रेवती."

"बरोबर," वच्छलाबाई चटकन म्हणाल्या.

जफरला वाटलं, मिटलं प्रकरण. उमऱ्यांनी मात्र सगळ्यांना ओसरीवर बसवलं.

"रेवती म्हणजे संपन्न. आकाशातलं शेवटचं नक्षत्र," ते म्हणाले. जफरची नजर ओसरीच्या ओक्याबोक्या भिंतींवरून फिरली. "पण दर नक्षत्राची चार अक्षरं ठरलेली. रेवतीची दे, दो, चा, ची. त्या नक्षत्रावर जन्मलेली पोर या घरात देवकी झाली असती. 'रे' अक्षर स्वातीचं. कोजागिरीला चंद्र स्वातीत नसतोच. तो तिथे सापडतो दिवाळीच्या अमावास्येला. म्हणून ती पणती, लेकीच्या वाढदिवसाची."

बाईची मान खाली गेली. "नवरा खाणीत मेला. वाटलं, कोनाचं तरी व्हावं."

"पन मायले तिथी ठाऊक असंल ना?" जफर गोंधळला. "मंग त्या 'बरोबर' काहून म्हनाल्या?"

"कारण त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं," उमरे हळूच म्हणाले.

वच्छलाबाईंनी पदर सावरला. "हिशेब बरोबर हाय तुमचा. पन रोज दोन भाकरी थापून एकटीनं खाव्या, हे कोन्त्या पंचांगात हाय, साहेब?" त्या बाईकडे वळल्या. "तुह्यं खरं नाव काय व?"

"मैना."

वच्छलाबाई चुलीपुढे बसल्या. त्या सांजेलाही भाकरी चारच झाल्या.