होल्डमधून आलेली ओ

कार्पेटचं सोड गं, चहाच सांडलाय, निघेल धुऊन. तू अशी दिव्याजवळ येऊन बस. लंडनच्या या ईलिंगमध्ये डिसेंबरात दुपारचा चहा होईपर्यंत बाहेर मिट्ट काळोख, त्यात तुझी हाक कानावर आली आणि कप कलंडला, एवढंच.

तुझं काही चुकलं नाही, स्वराली. जिन्याखाली उभं राहून माझ्या भाच्याला, परीक्षितला, लाडात 'अहो' म्हणालीस. नवीन लग्न, चालायचंच. पण या घरात तो शब्द नको. का ते सांगते. दोघे वर लॉफ्टमध्ये टाकी बघतायत, माझ्या नवऱ्याच्या हातात पाना आला की तो लवकर खाली येत नाही.

मी लेस्टरची, तुला माहीतच आहे. आई स्वयंपाकघरातून 'अहो' म्हणायची आणि वरून बाबा लांबलचक 'ओ' द्यायचे. शाळेत जाईपर्यंत मला वाटायचं, अहो हेच बाबांचं नाव. लग्नानंतर मी गंमत म्हणून विनयला तशीच हाक मारायला लागले. तोही हुबेहूब बाबांसारखी ओ द्यायचा, शेवटी थोडा हेल काढून. आमचा खेळच होता तो.

विनय तेव्हा एका छोट्या मालवाहू जहाजावर चीफ ऑफिसर होता. ऑफिसरच्या बायकोला सोबत राहायची परवानगी असे. दोन हजार पाच साली मी काउन्सिलच्या नोकरीतून बिनपगारी रजा घेतली आणि पॅसिफिकमधल्या तारावा बेटावर जाऊन जहाजावर चढले. तांदूळ, रॉकेल, पत्रे घेऊन बेटाबेटांवर जायचं आणि परतताना सुकं खोबरं भरायचं, असं ते काम. बेटं कसली, पाण्यावर नारळांची एक ओळ. पोरं होडीतून हात हलवत यायची. मी खूप खूश होते गं. फक्त खोबऱ्याचा तो खवट-गोड वास कपड्यांत, केसांत, उशीत बसला होता.

खोबरं ज्या कोठीत भरतात तिला होल्ड म्हणतात. बंद होल्डमधलं खोबरं आतली हवा खाऊन टाकतं. माणूस शिडीवरून खाली उतरतो आणि दोन श्वासांत कोसळतो. विनयने माझ्याकडून घोकून घेतलं होतं, की कोणी आत पडलेला दिसला तरी मागोमाग उतरायचं नाही, आधी ओरडून माणसं जमवायची. मरणाऱ्यांत निम्मे वाचवायला गेलेलेच असतात म्हणे.

आणि त्या जहाजाची आणखी एक रीत होती. बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, तिथलाच बेटावरचा म्हातारा होता, इओआने नावाचा. पहिल्याच दिवशी त्याने मला बजावलं, "मॅडम, होल्डच्या तोंडाशी हाक मारायची ती नावाने. आतल्याने स्वतःचं नाव सांगितलं, तरच ते उत्तर." मला वाटलं, माणसं मोजायची सोय असेल. मी मान डोलावली आणि विसरून गेले.

त्या दिवशी दुपारी आम्ही एका बेटाच्या आतल्या शांत पाण्यात नांगर टाकून उभे होतो. वारा पडलेला. मी थर्मासमध्ये चहा घेतला, डब्यात चिवडा घेतला आणि विनयला द्यायला मागच्या होल्डकडे गेले. बरेच दिवस बंद असलेला होल्ड हवा खेळावी म्हणून उघडला होता. तोंडाशी दोरी बांधलेली, आणि जवळपास एकही माणूस नाही. विनयचं पांढरं हेल्मेट काठावर ठेवलेलं.

मी इकडेतिकडे पाहिलं. कोणी ऐकत नाही म्हटल्यावर वाकून हळूच म्हटलं, "अहो..."

"ओ..."

खालून. त्याचीच ओ, तोच हेल.

"चहा आणलाय. या वर."

काही नाही. खाली काळोख, आणि तो वास इतका दाट की घशाशी येत होता.

"अहो... ऐकलंत का?"

"ओ..."

या वेळी ती जरा खोलवरून आली. मंद. झोपेत कोणी दिल्यासारखी.

हा आत कोसळलाय, हवा संपलीये, आणि तरी माझ्या हाकेला ओ देतोय! शिकवलेलं सगळं डोक्यातून उडालं. मी दोरीखालून वाकले आणि शिडीवर पाय ठेवला. एक पायरी, आणखी एक. "आले हं... आले, अहो..."

"ओ..."

आता अगदी पायांखाली. कान वाजायला लागले. बोटं शिडीवर आहेत की नाहीत तेच कळेना. मी खाली पाहत होते आणि खाली काहीच हलत नव्हतं. मी घाबरले, खूप घाबरले, आणि लग्नानंतर पहिल्यांदा नवऱ्याला नावाने हाक मारली.

"विनय!"

खालून काहीच आलं नाही. साधा श्वासही नाही.

आणि वर, माझ्या पाठीमागे, डेकवर धावती पावलं. "मधू!"

त्याने माझी कॉलर धरली, बोसनने दंड धरला, आणि दोघांनी मला भाजीच्या पिशवीसारखं वर ओढलं. मी डेकवर पालथी पडून हवा पीत होते. विनय! चांगला धडधाकट, घामाने निथळलेला, शिव्या घालत होता मला. इतक्या गोड शिव्या मी कधी ऐकल्या नाहीत. मी त्याचा शर्ट मुठीत धरून रडले आणि हसलेसुद्धा.

बोसनने हवा मोजायचं यंत्र दोरीने आत सोडलं. ते कर्कश केकाटायला लागलं. कॅप्टनने सगळ्यांना डेकवर बोलावलं. सगळे हजर, आत कोणी नाही. खोबरं काढून होल्ड रिकामा केला, तेव्हाही काही सापडलं नाही. बोसन एवढंच म्हणाला, "त्याला नाव नाही, मॅडम. म्हणून ते बिननावाच्या हाकेलाच उत्तर देतं."

थर्मास मात्र शाबूत होता. तो चहा आम्ही तिघे प्यायलो. तसा चहा पुन्हा झाला नाही.

तेव्हापासून मी त्याला विनय म्हणते. सुप्रभाताई, म्हणजे माझ्या सासूबाई, फोनवर अजून नाक मुरडतात. मुरडू देत. नवरा जिवंत आहे, मी जिवंत आहे, तो आता किनाऱ्यावरची नोकरी करतो आणि रोज रात्री घोरतो. मला आणखी काय हवंय?

पण एक राहिलं. त्या दिवशी होल्डच्या तोंडाशी कोणी का नव्हतं, हे विनयने मला थेट हीथ्रोवरून घरी येताना मिनीकॅबमध्ये सांगितलं. मी चहा घेऊन जायच्या जरा आधी तो आणि बोसन तिथेच उभे होते. तेव्हा त्याला खालून माझी हाक आली. "अहो..." तो उतरणारच होता, पण बोसनने त्याला घट्ट धरलं आणि नावाने हाक मारायला लावली. त्याने 'मधू' म्हणून हाक मारली. उत्तर नाही. मग बोसन यंत्र आणायला पळाला, आणि विनय मी सुखरूप आहे ना, हे बघायला केबिनकडे. मी त्याच वेळी दुसऱ्या बाजूने चहा घेऊन निघाले होते.

थांब हं, आधी त्यांना बोलावते. विनय! परीक्षित! चहा होतोय, या खाली!

...ऐकलंस? "मी विनय, आलो." "मी परीक्षित, आलो." परीक्षितलाही शिकवलंय बघ त्याने. बरं वाटतं गं ऐकून.

काय म्हणालीस? होल्डमधल्या त्याला 'अहो' कुठून कळलं?

तोच तर प्रश्न आहे. खलाशांसमोर विनय लाजायचा, म्हणून डेकवर मी त्याला तशी हाक कधीच मारली नव्हती. त्या दुपारी पहिल्यांदा. त्याआधी मी 'अहो' म्हणायचे ते फक्त आमच्या केबिनमध्ये.

दार लावून.