शून्यावर आणलेला आकडा

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या प्रयोगशाळेत दुपारी एसीच्या घरघरीखेरीज आवाज नसायचा. तेजश्रीने मोजमापाची पेटी चालू करून पुरेशी तापू दिली. पेटीच्या खाचांत निरनिराळी कार्डं बसवलेली; त्यातलं व्होल्टमीटरचं कार्ड तिला तपासून द्यायचं होतं. पंख्याची जाळी साफ, रिकाम्या खाचांवर झाकणं, जोडण्या घट्ट. सगळं रीतसर.

दाराबाहेर सोमनाथ येरझाऱ्या घालत होता. नवजात बाळांना ऊब देणारी यंत्रं बनवणाऱ्या कारखान्याचा माणूस.

"मॅडम, ह्या पेटीवाचून आमचं टेस्टिंग बंद हाय. दवाखान्यातून लय फोन येतायत."

"होतंच आहे," ती म्हणाली.

तिने कार्डाची दोन्ही टोकं तारेने एकमेकांना जोडली. आता आकडा शून्यावर स्थिर राहायला हवा होता. तो सावकाश चढला, सावकाश उतरला, पुन्हा चढला.

तिने तार बदलली. कार्ड दुसऱ्या खाचेत घातलं. एसी बंद करून पाहिला. आकडा आपला चढत-उतरतच होता, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा.

हे मनात आलं आणि तिने नकळत श्वास रोखला.

आकडा थांबला.

तिने श्वास सोडला. आकडा उतरू लागला.

अंगातली स्थिर वीज असेल, असं म्हणत तिने मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधला. तरी तेच. मग पट्टा काढून ती पार खिडकीपाशी गेली, पेटीकडे पाठ करून उभी राहिली.

"सोमनाथ, आत या. आकडा बघून सांगा."

"वर चाललाय... आता खाली... वर..." तो अडखळला. "थांबला, मॅडम. तुम्ही काय केलं?"

"काही नाही."

कारण सापडल्याशिवाय शून्य जुळवायचं नाही, म्हणजे हलता आकडा बळेच शून्यावर आणायचा नाही, हे ती नव्या मुलांना घसा कोरडा पडेस्तोवर सांगायची. पण सोमनाथचा फोन परत वाजला. पलीकडची बाई रडवेली होऊन बोलत होती; इथवर ऐकू येत होतं.

तेजश्रीने शून्य जुळवलं.

आकडा शून्यावर आला आणि तिथेच राहिला. पुढच्या सगळ्या तपासण्या बिनचूक उतरल्या. सोमनाथ हात जोडून पेटी घेऊन गेला.

खोलीत विलक्षण शांत वाटत होतं. मघापासूनची तगमग कुठल्या कुठे गेली होती.

चष्म्यावर बोटांचे डाग पडले होते. पुसायला म्हणून तिने तो काढला, काच तोंडाजवळ धरून 'हा' केलं.

काचेवर वाफ धरली नाही.

तिने पुन्हा केलं, अगदी जवळून.

काच कोरडीच होती.