मोटर सगळ्यांनी ऐकली

पंपाच्या खोलीचं कुलूप शाबूत, आत मोटर नाही. शांती नगरातल्या त्या इमारतीनं चोर मात्र आधीच ठरवून टाकला होता: वॉचमन सहादेव. त्याची वळकटी गेटबाहेर फेकलेली, तो शेजारी उकिडवा.

फौजदार महिपत राऊतांनी सेक्रेटरीच्या हॉलमध्ये जमलेल्या सुशिक्षितांकडे पाहिलं. शिळे बोंबील पाहावेत तसं.

"किल्ली कोणाकडे?"

"एकच आहे. दिवसा माझ्याकडे," सेक्रेटरी पराग सबनीस म्हणाले. "संध्याकाळी मोटर चालवून झाली की सहादेवकडे. म्हणजे चोरी त्यानंतरच. उघड आहे, साहेब."

"काल संध्याकाळी चालली?"

"चालली म्हणजे काय!" शुभदाबाई उसळल्या. "परागभाऊंनी रोजच्यासारखी हाक दिली, मोटर लावली होऽ! लगेच घरघर. मी बादल्या भरल्या."

"मेरा तो बर्तन हिलता था, साब," ममताबेननी भर घातली.

"आणि आज सकाळी?"

"नळाला टिपूस नाही! मेंटेनन्स कशाला घेतात?"

डोक्यावरचा पंखा मंदावत थांबला. सबनीस पेपरनं वारा घेऊ लागले.

"शेजारच्यांनी मोटर लावलेली दिसते," महिपत खिडकीशी जाऊन, कान टवकारून म्हणाले. "येतोय आवाज?"

"येतोय की. जुनी आहे, खडखडते," शुभदाबाई म्हणाल्या. ममताबेननी मान डोलावली.

"अख्ख्या गल्लीची लाईट गेलीय, बाई. मोटर चालेल कशावर?"

शुभदाबाईंनी बंद पंख्याकडे पाहिलं. महिपत सबनीसांकडे वळले.

"रोज आधी हाक, मग घरघर. डोक्याला सवय. हाक मिळाली की घरघर ते स्वतःच वाजवतं, फुकट. काल मोटर नव्हतीच. नळाला आलं ते टाकीतलं शिल्लक. मोटर चालली असती तर सकाळी टाकी कोरडी कशी? म्हणजे ती संध्याकाळच्या आधीच गेली. तेव्हा किल्ली तुमच्याकडे, सबनीस. आणि रिकाम्या खोलीसमोर उभं राहून 'मोटर लावली' ओरडणारेही तुम्हीच."

मोटर सबनीसांच्या पलंगाखाली निघाली. दसऱ्याच्या पूजेचा वाळका हार अजून तिच्या गळ्यात. सोसायटीच्या पैशानं नवी मोटर सबनीसांच्या मेव्हण्याच्या दुकानातून यायची होती.

"सहादेव, वळकटी आत घे," महिपत खिडकीतून ओरडले.

शुभदाबाईंनी पदर सारखा केला. "मला कालच संशय आलेला. घरघर जरा कमीच होती."