पाच नंबरच्या खोलीतला आंबेमोहर

त्या दुपारी भांडायला खाली गेली तेव्हा वृंदाचं नाक सर्दीनं पार चोंदलेलं होतं.

एकोणीसशे पन्नासचा मार्गशीर्ष. बदलापूरला, उल्हास नदीच्या अंगाला, कौसाबाईंचं हवापालटगृह होतं. खाली खाणावळ, वर कौलांखाली सहा खोल्या. त्यातल्या पाच नंबरच्या खोलीत वृंदा आपल्या बाबांना घेऊन तीन आठवडे राहिली होती. बाबांचं हृदय थकलं होतं, आणि गिरगावच्या डॉक्टरांनी औषधांच्या शेवटी ‘मोकळी हवा’ असं लिहून दिलं होतं. वृंदा एका ग्रंथालयात काम करायची. महिनाभराची रजा टाकून ती आली होती.

बाबा उशीला टेकून बसले होते. त्यांनी एकदम नाक वर केलं, डोळे मिटले आणि म्हणाले, “वृंदे, आंबेमोहर शिजतोय गं. अगदी आत्ता वाफ काढलीय बघ कुणीतरी.”

आंबेमोहर! रेशनच्या दिवसांत तो शब्दसुद्धा चैनीचा वाटायचा. इथे तीन आठवडे पानात लाल, जाड भातच पडत होता. म्हणजे कुणासाठी तरी वेगळं शिजत होतं, आणि आजारी माणसाच्या वाट्याला मात्र... वृंदा पदर खोचून तडक खाली उतरली.

स्वयंपाकघरात कौसाबाई नव्हत्या. त्यांचा भाचा आनंदा परात मांडी­वर घेऊन तांदूळ निवडत बसला होता. हा नगरकडचा. दोन वर्षांपूर्वी अंबरनाथच्या आगपेट्यांच्या कारखान्यात लागला होता; राहायला मावशीकडेच होता आणि पाळी नसेल तेव्हा तिच्या हाताखाली राबायचा. वृंदानं त्याला जाता-येता पाहिलं होतं. बोलायची वेळ आज पहिल्यांदाच आली, आणि तीही अशी.

ती म्हणाली, वर आंबेमोहराचा वास येतोय, माझ्या वडिलांना घासभर दिलात तर तुमचं काय बिघडेल? आनंदानं तिच्यापुढे परात तिरकी केली. लाल तांदूळ, आणि कडेला खड्यांचा छोटासा ढीग.

“वास तुम्हाला आला?” त्यानं विचारलं.

“मला सर्दी आहे.”

“मग भांडताय कुणाच्या नाकाच्या जिवावर?”

“बाबांच्या.”

“असं होय. उसनं नाक घेऊन भांडायला आलेलं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघतोय.”

वृंदाला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून जास्तच राग आला. त्या रागात ती बोलून गेली, की चांगला तांदूळ काळ्या बाजारात जात असणार, दुसरं काय! आनंदाचा चेहरा उतरला. तो उठला आणि फळीवरचे डबे एकेक करून तिच्यासमोर उघडत गेला. डाळ. बाजरी. तोच लाल तांदूळ. शेवटच्या डब्याचं झाकण हातात धरून तो थांबला.

“अजून कुठं बघायचं?”

वृंदा जिना चढून वर आली. थोड्या वेळानं दाराशी कुणीतरी खाकरलं. उंबऱ्यावर आल्या-तुळशीच्या काढ्याचा वाफाळता पेला ठेवलेला होता आणि पाठमोरा आनंदा जिन्याकडे वळत होता. कानापर्यंत लाल झालेल्या वृंदानं पेला उचलला. बाबांनी विचारलं, “मिळाला का गं?”

स्वतःवरचा सगळा वैताग तिनं त्या म्हाताऱ्या माणसावर काढला. “काही शिजत नाहीये, बाबा. भास होतोय तुम्हाला. पडा आता.”

बाबा “बरं” म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते उठलेच नाहीत.

आनंदा सायकल मारत अंबरनाथहून डॉक्टर घेऊन आला, पण डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पुढचं सगळं त्यानंच पाहिलं. नदीवर लाकडं रचली, भटजी आणला, आणि संध्याकाळी तिला गिरगावच्या दारापर्यंत पोचवलं. कालच्या भांडणाबद्दल चकार शब्द काढला नाही. घरात यायला सांगितलं तर म्हणाला, कारखान्यात रात्रपाळी आहे.

भेटायला येणाऱ्यांना वृंदा तीन महिने “मी ठीक आहे” असं सांगत होती. ग्रंथालयात जात होती, पुस्तकांना कव्हरं घालत होती. पण रोज कधीतरी तो “बरं” तिच्या कानात वाजायचा. माणसानं मरायच्या आदल्या दिवशी काय मागितलं? एका वासाबद्दल दोन शब्द बोलावेत, एवढंच. आणि पोटच्या मुलीनं त्याला वेड्यात काढलं. याला क्षमा कुठून आणायची? मागायची तरी कुणाकडे?

फाल्गुनात कौसाबाईंचं कार्ड आलं, की बाबांची पुस्तकांची पेटी इथेच राहिली आहे. पेटी तासाभरात नेता आली असती. वृंदानं चार दिवसांची रजा टाकली. का, ते तिनं स्वतःलाही सांगितलं नाही.

कौसाबाईंनी तिला दोन नंबरची खोली दिली. पाच नंबर त्यांनी तेव्हापासून बंदच ठेवली होती. आनंदा अंगणात सायकलच्या चाकाशी झटत होता. त्यानं मान वर केली. “सर्दी गेली का?”

“गेली.”

“मग आता जपून राहायला हवं आम्हाला,” तो म्हणाला आणि पुन्हा चाकात बघायला लागला. पण हसला... आणि ते तिला दिसलं.

दोन दिवस असेच गेले. तो पाण्याची कळशी वर आणून ठेवायचा आणि कुठलं पुस्तक वाचताय ते विचारायचा. ती गोष्ट सांगायला लागली की दाराच्या चौकटीला टेकून ऐकायचा, आणि शेवट येण्याच्या जरा आधी म्हणायचा, बाकीची उद्या. एकदा तिनं विचारलंच, की आज ऐकली तर काय होईल? “उद्या यायला निमित्त राहणार नाही,” तो म्हणाला आणि रिकामी कळशी घेऊन निघून गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या पंगतीत मालिनीबाईंनी ताट पुढे सरकवलं. या दादरच्या. नवऱ्याला घेऊन हवापालटाला आलेल्या आणि तोंडानं फटकळ. “आम्हाला हा लाल भात, आणि वरच्या कुणा लाडक्यांना आंबेमोहर होय? जिन्यात कालपासून घमघमतोय. मी रेशनच्या कचेरीत कळवणार आहे.”

कौसाबाई रडकुंडीला आल्या. वृंदाच्या हातातला घास हातातच राहिला. आनंदा डबे फळीवरून खाली काढायला लागला. वृंदाकडे न बघताच तो मालिनीबाईंना म्हणाला, “या, तुम्हीही बघून घ्या.”

“डबे नकोत,” वृंदा म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. “पाच नंबरची खोली उघडा.”

कौसाबाईंना किल्ली सापडेपर्यंत उन्हं कलली होती. कुलूप निघालं, दार ढकललं... आणि वृंदानं चौकट घट्ट धरली. रिकाम्या, बंद खोलीत वास भरून राहिला होता. नुकत्या उतरवलेल्या, वाफ निघणाऱ्या आंबेमोहराच्या भाताचा. ओळखायला चूक होणंच शक्य नव्हतं.

“येतोय ना?” तिनं हळूच विचारलं. आनंदा नाक वर करून उभा होता, हुबेहूब बाबांसारखा. त्यानं मान डोलावली.

एवढ्यात माळ्याच्या फळ्यांवर खरखर झाली. काहीतरी जड, मऊ, सावकाश चालत गेलं. वृंदा कधी खाटेवर चढली ते तिलाच कळलं नाही. दोन फळ्यांच्या फटीतून एक काळपट तोंड डोकावलं. बारीक मिशा, गोल डोळे, आणि मागे लोंबणारी हातभर शेपटी. तिनं आनंदाची बाही पकडली. त्यानं काठी उगारली होती खरी, पण पाय मात्र दाराकडे सरकत होते.

“तुम्ही घाबरलात?” तिनं विचारलं.

“नगरला माळ्यावर असलं काही राहत नाही हो.”

खाली अंगणात डोंगरातल्या ठाकरवाडीचा धाकलू लाकडाची मोळी टाकत होता. त्याला हाक मारून वर बोलावलं. त्यानं खोलीत पाऊल ठेवलं, एकदा हुंगलं आणि पोट धरून हसायला लागला.

“उदमांजर हाय, बाय. त्याच्या अंगालाच भाताचा वास येतो. आमची पोरंपन वळखतात.”

“कधीपासून आहे हे?” वृंदानं विचारलं. बाही अजून तिच्या मुठीत होती.

“दिवाळीधरनं. कौसाबायच्या पपया कोन खातो, वाटलं तुमाला?”

कौसाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. पपयांचा आळ त्यांनी चार महिने भाच्यावर घेतला होता, आणि माळ्यावरच्या खरखरीला उंदीर म्हणत आल्या होत्या. मालिनीबाई जिन्यातूनच ओरडल्या, की आपण आत्ताच्या आत्ता गाडी पकडणार. मग ते फळं खातं, माणसांना नाही, असं धाकलूनं समजावल्यावर त्यांनी रात्रीच्या जेवणात लाल भात पुन्हा मागून घेतला.

वृंदा मात्र धाकलूचं उत्तर ऐकून लगेच खाली आली होती आणि जिन्याच्या पायरीवर बसली होती. दिवाळीपासून. म्हणजे मार्गशीर्षातही. बाबांना भास झाला नव्हता. वास होता. त्यांचं नाक, त्यांचं डोकं, शेवटच्या दिवसापर्यंत सगळं जागेवर होतं. आणि कुणी त्यांच्यापासून काही लपवलंही नव्हतं. तिला रडू फुटलं... तीन महिन्यांत पहिल्यांदाच, लहान मुलासारखं, मोठ्यानं. छातीवरचा दगड कुणीतरी दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवावा तसं तिला वाटलं.

आनंदा दोन पायऱ्या खाली येऊन बसला. त्यानं तिला गप्प केलं नाही. बऱ्याच वेळानं तिनं ते सगळं सांगितलं. भास होतोय असं ती बाबांना म्हणाली ते, बाबा भिंतीकडे वळले ते, तो “बरं”.

“मलाही त्या दिवशी भासच वाटला होता,” आनंदा म्हणाला. “डबे उघडून दाखवायची घाई मला. वर येऊन एकदा वास घेतला असता तर त्यांच्याशी दोन शब्द बोलता आले असते. तेव्हा अर्धी चूक माझ्याकडे द्या.”

“द्यायला नको,” ती डोळे पुसत म्हणाली. “आता उरली नाही तेवढी.”

तो हसला. अंगणात उजेड पिवळा होत चालला होता. त्याला रात्रपाळीला जायचं होतं. तो उठला, सायकल भिंतीपासून सोडवली आणि पायानं पेडल फिरवत उगाचच उभा राहिला. म्हणाला, उद्या सकाळी तुम्ही निघणार, तेव्हा मी कारखान्यात असेन... भेट होणार नाही.

वृंदा पायरीवरून उठली. तिच्या घरात पुस्तकांवर तासन् तास बोलणं व्हायचं, मनातलं कुणी कधी बोललं नव्हतं. तीही नाही. अंगण ओलांडून ती सायकलपाशी गेली आणि तिनं हँडलवर हात ठेवला.

“आनंदराव, हे तीन महिने मी बाबांचा विचार करायला बसले की मध्येच तुम्ही यायचात. मला स्वतःची फार लाज वाटायची, म्हणून कुणाला सांगितलं नाही. आता वाटत नाही. मला तुम्ही आवडता... उद्या मी जाणार नाही.”