पत्र्यांमागचं दार

हे मी कुठे वाचलेलं सांगत नाही. जिच्या बाबतीत घडलं ती मनस्विनी माझी सख्खी मावसबहीण. आणि शेवटचं जे आहे, ते तर मी माझ्या या कानांनी ऐकलंय.

पटलं नाही तर सोडून द्या. हे खोटं निघालं तर सगळ्यात जास्त आनंद मलाच होईल.

जागा आमची रत्नागिरी. रामआळीतून आत वळणारा एक बोळ. दसरा नुकताच झाला होता. आणि वेळ तिन्हीसांजेची, रस्त्यावर माणसांची ही गर्दी असताना.

मनूचं घर त्या बोळात होतं. पुढे दुकान, मागे घर. दुकानात कापूर, उदबत्त्या, वाती, जानवी. तिचे बाबा, म्हणजे माझे गोपाळकाका, जन्मभर त्या गल्ल्यावर बसले. त्यांच्या सदऱ्यालाच कापराचा वास यायचा. मावशी लवकर गेली. मनूचा भाऊ वरद ठाण्याला. मनू शाळेत शिकवायची. लग्न तिने केलं नाही. बापलेक एकमेकांना धरून होती.

मग काका विसरायला लागले. आधी गिऱ्हाइकांची नावं. मग माझं. मग वरदचं.

पण संध्याकाळी राममंदिरात एकटे जायचे आणि एकटे घरी यायचे. त्यात कधी चुकले नाहीत. बोळाच्या तोंडाशी पिठाची गिरण होती. तिची घरघर ऐकू आली की काका वळायचे. डोकं विसरलं तरी कान विसरले नव्हते.

पुढे रस्ता रुंद करायचं निघालं. गिरण पाडली. कोणाला बोल लावणार? दोन गाड्या समोरासमोर आल्या की अर्धा बाजार अडायचा. रस्ता मोठा करा म्हणून आम्हीच बोंबलत होतो.

गिरण पाडली त्याच संध्याकाळी काका देवळात गेले...

परत आले नाहीत.

कोणीतरी त्यांना शेवटचं त्या नाक्यावर पाहिलं होतं. मोकळ्या जागेकडे तोंड करून उभे होते म्हणे. काहीतरी ऐकू येईल म्हणून थांबल्यासारखे.

पोलीस झाले, पेपरात फोटो झाला. एसटी स्टँड, मांडवीची जेटी, भाट्याचा पूल, सगळं पालथं घातलं. चप्पलसुद्धा मिळाली नाही. वर्षं गेली. नातेवाईक म्हणायला लागले, आता दिवस करून टाका. मनू ऐकूनच घ्यायची नाही. ते येणार आहेत, एवढंच म्हणायची. झोपताना पुढच्या दाराला कडीही घालायची नाही.

मग बोळातली सगळी घरं पाडून मोठी इमारत बांधायचं ठरलं. शेजाऱ्यांच्या सह्या झाल्या. हिच्या एकटीमुळे सगळ्यांचं अडलं. बाबा परत आले तर कुठे येतील, हा तिचा एकच हेका. वरद ठाण्याहून येऊन ठाण मांडून बसला. शेवटी तिने सही केली, आणि नाचणे रोडला चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला.

आमच्याकडे घर सोडताना गाऱ्हाणं घालतात. उंबऱ्यावर नारळ-विडा ठेवायचा. घरातली जी माणसं गेली, त्यांची नावं घेऊन सांगायचं, आम्ही नव्या घरी चाललो, तुम्हीही चला. आणि जी जिवंत आहेत त्यांनी एकेकाने नारळाला हात लावायचा. म्हणजे कोणी मागे राहत नाही.

गाऱ्हाणं घालायला आलेल्या बाबू गुरवाने आजोबा-पणजोबांची नावं घेतली. मावशीचं घेतलं. मग थांबला आणि हळूच म्हणाला, "मनूताय, बाबांचा काय करू?"

"ते आहेत," मनू म्हणाली.

म्हणून गेलेल्या माणसांत त्यांचं नाव घेतलं नाही. आणि नारळाला हात लावायला काका तिथे नव्हते.

घरातला एक माणूस दोन्हीकडून सुटला. तेव्हा ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

घर पडलं. बोळाच्या तोंडाला निळे पत्रे लागले. आत भला मोठा खड्डा खणला. राखणीला लांज्याकडचा एक वयस्कर वॉचमन ठेवला, बाबल्या नावाचा.

दसऱ्यानंतर मनू बाजारात गेली होती. त्या बाजूला ती जायचीच नाही, पण त्या दिवशी पाय वळले. बाबल्याने तिला ओळखलं. घर पाडताना तिला रडताना त्याने पाहिलं होतं.

"ताय, तुमच्या वळखीचा कोण म्हातारा हाय काय हो?" तो म्हणाला. "रोज दिवेलागणीला येतो. पत्र्यावरून हात फिरवत ऱ्हातो. मना इचारतो, दार कुठं गेला?"

मनूच्या हातातली पिशवी खाली पडली.

बाबा जिवंत होते. ती म्हणत होती तसेच. बाबा परत आले होते!

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती थेट तिथे जाऊन उभी राहिली. दिवे लागले. गिऱ्हाइकं, रिक्षा, भाजीवाल्या, सगळा रोजचा कालवा. काका आले नाहीत.

आणि मग...

खर्र... खर्र...

पत्र्यावरून कोणीतरी हात फिरवत होतं. आवाज आतून येत होता. तिने बाबल्याला पत्र्यांचं फाटक उघडायला लावलं. आत फक्त खड्डा, आणि खड्ड्यात साठलेलं पाणी.

खर्र... खर्र...

आता आवाज बाहेरून.

ती धावत बाहेर आली. पत्र्यांशी कोणी नव्हतं. फक्त कापराचा वास होता.

 मनूने बाबल्याला विचारलं, त्यांच्या अंगात काय असतं?

"तोच सदरा असतो की रोज. पांढरा, निळ्या रेघांचा. बटनं वरखाली लावलेली. काल येवढा पाऊस पडला, तरी सुकाच होता."

काका गेले त्या दिवशीचा सदरा तो. देवळात निघताना मनूने बटणं वरखाली लागलेली पाहिली होती. आल्यावर नीट लावू म्हणाली होती.

ती तिथेच खाली बसली. इतकी वर्षं तिने ज्या आशेवर काढली, ती आशा भर बाजारात संपली. आजूबाजूचे लोक बघत होते. तिला त्याचं काही वाटलं नाही.

बाबू गुरवाने ऐकून घेतलं आणि डोळे पुसले. म्हणाला, त्यांना आता तूच बोलाव. पण गेलेल्या माणसांत नाव घ्यावं लागेल. अर्धवट चालायचं नाही.

ती दोन दिवस जेवली नाही. तोंडाने तो शब्द एकदा काढला, की बाबा खरोखरच गेले. आणि नाही काढला तर ते तिथेच, पत्र्याला हात लावत.

तिसऱ्या संध्याकाळी ती नारळ घेऊन गेली. पत्र्यांपुढे ठेवला. खर्र... खर्र... चालू झालं तसे हात जोडले.

"माझे बाबा, गोपाळकृष्ण," ती म्हणाली. पुढचं बोलायला तिला फार वेळ लागला. "...गेले. बाबा, आपलं घर आता इथे नाही. माझ्याबरोबर चला."

पत्र्यावरचा आवाज थांबला.

ती चालू लागली. रिक्षा केली नाही, काका रिक्षाला घाबरायचे. आणि मागे...

चप्पल घासत चालणारी पावलं.

मनू वाटेत बोलत राहिली. रस्ता सगळा बदललेला, काकांना काय ओळखणार? इथे जपून, बाबा, खणून ठेवलंय. हा एसटी स्टँड, नवा झालाय. हा माळनाका. आता मारुती मंदिर, दमलात का? येणारे-जाणारे वळून बघत होते. मास्तरीणबाई एकट्याच बोलत चालल्यात म्हणून. पावलं मागे पडली की ती थांबायची, आली की पुढे व्हायची.

लिफ्ट सोडून ती चार मजले चढली. मागून पावलं चढली. तिने दार उघडलं, दिवा लावला आणि बाजूला झाली.

"या बाबा. आलं घर."

पावलं उंबऱ्यापर्यंत आली...

थांबली.

कापराचा वास घरभर झाला. आणि काकांचा आवाज आला. दुकानात नव्या गिऱ्हाइकाशी बोलायचे तसा, अदबीचा.

"घर छान आहे हो तुमचं. पण आता दिवेलागण झाली. माझी मुलगी वाट बघत असेल. मला घरी सोडता का?"

जन्मात काकांनी मनूला 'बाय' सोडून दुसरी हाक मारली नव्हती. मनू दाराला धरून रडली. मग डोळे पुसून तिने पायात चपला घातल्या.

हे सगळं तिने मला दिवाळीत सांगितलं, तिच्याच घरी. मला वाटलं, पोर खचली, मनाचे खेळ आहेत. मी समजूत घालत होते. बाहेर दिवे लागले. मनू बोलता बोलता उठली आणि तिने दार उघडलं.

बाहेर कोणी नव्हतं.

"चहा ठेव," मनू मला म्हणाली. "मी यांना सोडून येते."

ती जिना उतरायला लागली, आणि तिच्या शेजारून, रिकाम्या पायरीवरून...

"फार उपकार झाले, बाई."

काकांचा आवाज मी ओळखते. लहानपणापासून ऐकलाय.

ती खूप उशिरा परत आली. चहा केव्हाच निवला होता. मी तिला म्हटलं, अगं, हेच घर आहे म्हणून सांगत का नाहीस त्यांना?

"रोज सांगते. ते रोज दिवेलागणीला इथे येतात, मी रोज तिथे नेते. पत्र्यांशी पोचलो की त्यांना दार सापडत नाही. मग विचारतात, आमचं घर कोणी पाडलं हो?"

"मग तू काय म्हणतेस?"

मनूने निवलेला चहा पुन्हा गॅसवर ठेवला.

"म्हणते, मला माहीत नाही."

गेल्या आठवड्यात तिथे पहिला स्लॅब घातला. मनू अजून रोज जाते. मी तिन्हीसांजेला रामआळीत जायचं सोडून दिलंय.