देण्याचे तीन शब्द

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप करून खोडलं. आता खोडत न्हाई.

२००३ साल. लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर एक जपानी आजीबाई दमून बसलेली. मी पाण्याची बाटली पुढं केली अन् पुस्तकातनं पाठ केलेलं फेकलं — "मिझु, यारिमास!"

मागनं कुणीतरी खुदकन हसलं.

"अहो पावणं, आजीला पाणी देताय का झाडाला घालताय?"

ती ज्योत्स्ना. बेल्ह्याची, पुण्यात जपानीच्या क्लासला जाणारी. वाऱ्यानं ओढणी तोंडावर यायची, ती बाजूला सारत मला शिकवत व्हती. इंग्रजीत एकच 'गिव्ह'. जपानीत तीन. आपण दुसऱ्याला मानानं दिलं तर 'आगेरु'. दुसऱ्यानं आपल्याला मायेनं दिलं तर 'कुरेरु'. अन् झाडाला, कुत्र्यामांजराला... 'यारु'. माझं 'यारिमास' त्यातलंच.

मग दर रविवारी तीच पायरी. मी पेरू पुढं करायचो.

"हे कुठलं?"

"आगेरु."

"अन् मी घेतलाच न्हाई तर?"

"मग... माकडाला यारु."

"लई शहाणा!" म्हणायची, अन् अर्धा पेरू मला द्यायची. "हे कुरेरु. ध्यानात ठेव."

वर्षभरानं तीच म्हणाली, "तुझ्या आईला भेटव ना. चोरून किती दिवस?"

नेलं. आईनं हसत ओट्यावर बसवलं, आडनाव विचारलं. ज्योत्स्नानं सरळ सांगितलं. आई आत गेली. चहा आला — मला कपबशीत, तिला कोनाड्यातल्या कान तुटलेल्या कपात. बौद्धवाडीतलं कुणी आलं तरच तो कप निघायचा. मला ठाऊक व्हतं. मी बशीत फुंकर मारत राहिलो.

तिनं त्या कपाकडं बघितलं, अन् माझ्याकडं. मग हळूच म्हणाली, "नवनाथ, हे यारु ना रे?"

मी बशी तोंडाला लावली.

चहा तसाच ठेवून ती उठली. एसटीत चढताना एवढंच म्हणाली, "आईचं सोड. तू बोलशील असं वाटलं व्हतं."

पुढं ती नोकरीला जपानला गेली. मी पत्र लिहिलं न्हाई. कुठल्या तोंडानं लिहिणार?

काल हे सगळं समाधानला सांगितलं. शाळेपासनचा दोस्त, आमच्याच गावच्या बौद्धवाडीतला. तो हसला.

"राव, इतकी वर्षं मी तुझ्या ओट्यावर त्याच कपात चहा पितोय. तुला आज दिसला व्हय?"

मला मान वर करता येईना.

"रविवारी ये," म्हणालो. "ओट्यावर न्हाई, आत. चहा मी करणार, आमी पितो त्या कपात. अन् आई काय बोलली तर... समाधान, मी गप्प बसणार न्हाई."